ठराव क्रमांक सात

रविवारी ग्रामसभा. पणजीहून आलेल्या साहेबांनी
टेबलावर आमचा किनारा उलगडला.
गुंडाळून जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलं
शिक्क्याची डबी, सरपंचांचा चष्मा,
माझी इतिवृत्ताची वही
आणि चौथ्यावर काहीच सापडेना, म्हणून एक नारळ.

निळी रेघ म्हणजे भरती, साहेब म्हणाले,
लाल रेघ म्हणजे पुढचा धोका.
कुष्टा पागी बराच वेळ वाकून बघत राहिला.
मग विचारलं, ही भरती कुठल्या तिथीची?

साहेबांनी फाइल चाळली.
फाइलीत तारीख होती.

कासवांच्या घरट्यांना हिरवे ठिपके.
एकावर कुष्टाचं बोट थांबलं:
हे रुझारिनच्या माडाखाली कसं?
ती तर सुरूंच्या पलीकडे चढते,
माघातल्या काळोखात.
एकशे अकरा अंडी. मीच मोजली,
दोन दिवस हाताचा वास जाईना.

ठिपका आता सरकत नाही.
हरकतींची मुदत संपली.

तेव्हा रुझारिन उठली, मागच्या बाकावरून.
तिचं बोलणं शब्दशः लिहायला हवं होतं मी:
विहीर खारी झाली गेल्या वर्षी.
यंदा न्हाणीची भिंत गेली, साबण तेवढा राहिला.
कासव वर्षातून एक रात्र येतं,
मी रोज निजते तिथे.
मला दगडांचा बांध पाहिजे.

कोणी टाळी वाजवली नाही. विरोधही नाही.
पंख्याखाली कागदाचा समुद्र फडफडत होता.

कुष्टा हळूच म्हणाला,
बांध लागला की ती माघारी फिरते,
पोटातलं पाण्यात सोडून देते.
आणि मी कुठे फिरू, रुझारिन म्हणाली,
तूच सांग.

वहीत मी लिहिलं:
साधकबाधक चर्चा होऊन ठराव तहकूब.

नकाशा गुंडाळताना पाहिलं,
जिथे मर्यादवेल पसरली आहे वाळूवर,
जांभळ्या फुलांनी, गुंतागुंतीच्या मुळांनी
एकेक कण धरून,
तिथे छापलं होतं: मोकळी जागा.
नावातच मर्यादा असलेली वेल.
तिला विचारलं असतं कोणी,
तर रेघ तिने कधीच ओढून ठेवली होती.
हेही वहीत नाही.

संध्याकाळी घरी जाताना दिसले दोघं
न्हाणीच्या मागे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत
वाळू भरून रचत होते, बांध नव्हे, असंच काहीतरी,
पावसापुरतं.
मधेच कुष्टाने एक गोणी उचलून बाजूला ठेवली,
दीड हात जागा सोडली.

आणि ही कशाला? रुझारिन कमरेवर हात ठेवून.
तीच म्हणालास ना, ती इथे येत नाही?

येत नाही, कुष्टा म्हणाला,
पण सरकारी कागदावर येते.
उगाच कासवाला दोष नको.

रुझारिन हसली.
सभेत हसली नव्हती.
मग तिनेच वेलीचा एक तुकडा तोडून आणला
आणि त्या फटीच्या कडेला खोचला,
पायाने वाळू दाबली.

भरती यायला अजून तास होता.
कुठल्या तिथीची, मला सांगता आलं असतं.