कळवतो

गेटवरचा मुलगा वही पुढे सरकवतो.
नाव. कुठून आलात. कोणाकडे. काम.
शेवटच्या रकान्यात मी सवयीनं लिहिते : जागा दाखवणे.
आत : दहा वाजून पाच.
सहीला जागा नखाएवढी.

खराडी. बारावा मजला. बेअर शेल,
म्हणजे सिमेंट, खांब आणि मोकळा वारा.
काचेखाली मुळा-मुठा,
जलपर्णीमुळे वरून अगदी लॉनसारखी.
क्लायंटला मी नेहमी याच बाजूनं आत आणते.
उन्हाळ्यात फक्त खिडकी उघडत नाही.

सत्त्याण्णव साली आमच्या घरीही
स्थळं पाहण्याचे कार्यक्रम चालू होते.
मी ट्रे धरायची.
उंची, पगार, चष्म्याचा नंबर विचारून होत असे,
आणि जिन्यात चपला चढवता चढवता
कुणीतरी म्हणे, कळवतो.
आईनं असे अकरा मोजले.
बारावे यायचे होते त्या संध्याकाळी
मी लक्ष्मी रोडच्या एका बोळात
साडेतीनशे फुटांचा गाळा
एका चष्मेवाल्याला दाखवत होते.
त्यानं कळवलं.

पहिली दलाली कर्नावट शेठनी दिली, पाकिटात, अर्धी.
बाकीची तुमचे साहेब आले की.
कोण साहेब?
हे मला लुनावर, अलका चौकाच्या सिग्नलला सुचलं.
तोवर त्यांनी शटर ओढलं होतं.

दलाल हा शब्द बाईच्या नावाशेजारी नीट बसत नाही.
आत्या म्हणाली, सल्लागार लिही.
मी कार्डावर काहीच लिहिलं नाही.
शैला बोंद्रे, आणि लँडलाइनचा नंबर.
उरलेलं कार्ड पांढरं.

मग बंडगार्डन, सेनापती बापट रोड, बाणेर.
डांबर पोचायच्या आधी मी पोचायची,
डिकीत चपलांचा एक जोड जास्तीचा.
लोडिंग म्हणजे काय, हे मी झोपेतही सांगेन :
जिना, लॉबी, लिफ्टचा खड्डा,
तुम्ही जिथे कधी बसणार नाही
त्याचं भाडं तुम्ही भरायचं.
पुरुष माना डोलावतात.
बायका विचारतात, का?

हाच मजला चौदा साली मीच दिला होता,
तीनशे खुर्च्या, रात्रपाळी, कोपऱ्यात कॅरम.
वीस साली त्यांनी किल्ल्या कुरियरनं पाठवल्या.
जसं घेतलं तसं परत करा, असं कलम होतं, मीच घातलेलं.
त्यांनी छत काढलं, गालिचा काढला,
भिंतींचा रंगसुद्धा खरवडला.

ऐनापुरे चाळीस मिनिटं उशिरा येतात,
सोबत चौघे, आणि लेझर मीटर धरलेली एक मुलगी.
तिचा लाल ठिपका खांबाखांबांवरून सरकतो
आणि एका ठिकाणी थांबतो.
मागच्या बाजूला, रंगारी विसरलेला,
चिकटपट्टीखाली फुग्याचा फाटका देठ.
मॅडम, इथे कुणाचा वाढदिवस होता?
एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा आला.
फाइलमध्ये त्याचं उत्तर नाही.

पार्किंग विचारून म्हटलेला कळवतो
म्हणजे भाडं उतरवा.
वास्तूवाल्याला फोन लावून म्हटलेला
म्हणजे निदान महिनाभर.
ऐनापुरे लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणतात,
छान आहे. कळवतो.

खाली येते तर आईचा फोन.
तिला हल्ली दुपार आणि सालं एकत्र होतात.
झाला का गं कार्यक्रम?
झाला.
काय म्हणाले?
कळवतो म्हणाले, आई.

ती थोडा वेळ बोलत नाही.
मोजत असावी.
मी वही ओढून
बाहेर पडल्याची वेळ लिहिते.