चारशे कार्डांचा मोर

डबा घरात यायच्या आधीच घरात दोन पक्ष पडले.
अंबादास हिरव्या कंपनीचा, त्याच्या सगळ्या दोस्तांचं हिरवंच.
मी लालकडे झुकलेली, कारण लाल
साडेचार हजारांनी स्वस्त,
आणि साडेचार हजार म्हणजे अम्माच्या किती बिड्या
हा हिशोब आमच्याकडे कुणालाही
झोपेतसुद्धा येतो.

"अक्का, लालचा ड्रायव्हर ऐनवेळी मान टाकतो."
अम्मानं पान कातरता कातरता विचारलं,
"मग दुसरा ठेवा की. पगार किती मागतो?"

नायना गप्प. त्यांना ऐकू येत नाही फारसं.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
जकार्डच्या मागांनी दोन्ही कान ठेवून घेतले,
माणूस तेवढा घरी पाठवला.
मी वहीत लिहून दाखवलं : ग्राफिक्स कार्ड.
पहिल्या शब्दावरून बोट घसरलं त्यांचं,
दुसऱ्यावर थांबलं.
"किती कार्डं?"
मी एक बोट वर केलं.
"एक?
आमच्या एका मोराला चारशे लागायची.
भोक असलं की दोरा उठायचा,
नसलं की बसून राहायचा.
एकदा एकच भोक बुजलं, कचऱ्यानं,
साठ चादरी निघाल्या आंधळ्या मोराच्या.
माझ्या पगारातून कापले."
मग वही परत देत,
"एका कार्डात काय निघणार तुझं!"

नवी पेठ. मे महिना. कोरबूंचं दुकान जिन्याखाली,
तिथं कूलरचं पाणीसुद्धा कोमट.
टेबलावर दोन कार्डं, दोन्ही जुनी,
दोन्ही ब्रशनं झाडून बसवलेली,
स्थळ बघायला आल्यासारखी.
"खाणीत राबवलीत का कुणी, नाण्यांच्या?"
अंबादासनं आवाज जाड करून विचारलं.
"राबलेलंच येतं इथं, दादा," कोरबू म्हणाले,
"न राबलेलं मुंबईला मिळतं. दुप्पट भावात."

दोन्ही चालवून दाखवली.
पडद्यावर कुठलीशी गुहा, आग, पाणी, पुन्हा आग.
हिरवं अकरानं पुढं.
मग लाल चारनं पुढं.
अंबादास मतमोजणीला बसल्यासारखा,
मी मनातल्या मनात साडेचार हजार
कधी वजा, कधी जमा.

नायना कधी पुढं झाले कळलं नाही.
चालत्या हिरव्याच्या कडेवर त्यांनी तळवा ठेवला,
डोळे मिटले नाहीत, समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
मग लालवर.
मग परत हिरव्यावर.
"हा आतून घासतोय," म्हणाले, जरा मोठ्यानंच,
बहिरी माणसं बोलतात तसं,
"बेअरिंग. महिना काढेल, दीड महिना."
कोरबूंनी वीज बंद केली,
पंखा बोटानं फिरवला, कानाशी नेला,
आणि आमच्याकडे न बघता
तो डबा फडताळात मागे सरकवला.

"आणि हा?" मी लालकडे बोट केलं.
"थकलाय हा पण.
पण सरळ थकलाय."

तर असं आलं लाल आमच्या घरी,
तीन महिन्यांची वॉरंटी बिलामागे पेनानं लिहून.
जमिनीवर चादर अंथरली तर अंबादास ओरडला,
चादरीवर नको, वीज धरते!
मग पाटावर मांडलं सगळं.
स्क्रू अम्माच्या सुपात, तंबाखूच्या चुऱ्यात,
त्यातला एक अजून सापडायचाय.

पहिलं काय उघडलं?
मोर नाही.
पणजीच्या कुठल्या हॉटेलचा टॉवेल, दोन हजार नग,
कोपऱ्यात नाव, निळ्या दोऱ्यात,
सोमवारी सकाळी द्यायचं डिझाइन.
अंबादास रात्रभर मोबाइलवर
हिरव्याचे भाव बघत होता.

अडीचला पाणी प्यायला उठले
तर नायना कॅबिनेटपाशी, उकिडवे,
तळवा टेकून.
बंद केलंय, मी हातानं खूण केली.
"माहितेय," ते म्हणाले.
"गार कसं होतं ते बघतोय."