हरकत

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
माझी आई रोज एकोणीस पायऱ्या उतरायची,
गुडघ्यांवर, वरून खाली,
बादली आणि तारेचा ब्रश घेऊन,
आठच्या आत.
आठनंतर लुईझियानात आम्हाला मागचं दार.

ओझेला प्रूडोम आली
तेव्हा पायऱ्या ओल्याच होत्या.
राखाडी कोट, कोपराला रफू,
काखेत फाइल, मांजराचं पिल्लू धरावं तशी.
आई सवयीनं म्हणाली, "बाई, मागून जा."
ती थांबली. बूट काढले, हातात घेतले.
"तुमचं काम मोडायला नको,"
आणि अनवाणी वर गेली,
मधोमध.

आत शिपायानं विचारलं, "वकील कुठंय तुमचा?"
"वकील आलेत. खुर्ची यायचीय."

खुर्ची आली नाही.
चार दिवस ती उभ्यानं बोलली,
लाँड्रीतल्या तिघींच्या बुडवलेल्या पगारासाठी.
एक्केचाळीस डॉलर, साठ सेंट.
मी वर, आमच्यासाठी वेगळ्या काढलेल्या बाकावर,
नऊ वर्षांची, पेकानची टरफलं खिशात लपवत.
कायदा कळत नव्हता.
एवढंच कळलं, की न्यायाधीश तिला नुसत्या नावानं हाक मारतात,
मोलकरणीला मारावी तशी,
आणि ती म्हणते,
"हरकत आहे. नोंद घ्यावी."
दर वेळी.
स्टेनोची पेन्सिल आधी अडखळायची.
चौथ्या दिवशी तिनं तोंड उघडण्याआधीच
सरसर.

खटला हरलो.
हे सांगायचं राहून जातं लोकांचं,
चर्चमध्ये तिच्या फोटोखाली भाषणं करताना.
एक सेंटही मिळाला नाही.

पण त्या शनिवारी
किराणावाल्या हॅस्किन्सनं पिठाच्या काट्यावर अंगठा ठेवला,
आणि माझी आई, जिला सही येत नव्हती,
म्हणाली, हळू, पण म्हणाली,
"हरकत आहे."
दुकान गप्प.
माशीसुद्धा.
मग अंगठा निघाला.

पुढं घरात तिनं उच्छाद मांडला.
माझ्या मार्कांना हरकत, मामाच्या दारूला हरकत,
पाद्रीबुवांच्या लांबलेल्या प्रवचनाला
पहिल्या रांगेतून हरकत.
"लिहून ठेव गं," मला म्हणायची.
मी लिहायची. वही आहे अजून.

माझ्या पहिल्या खटल्याच्या दिवशी
एक पोरगा पाइपनं पायऱ्या धूत होता.
"जा बिनधास्त," म्हणाला, "वाळतील."
उशीर झालेला. अशील वर ताटकळत.
मी वाकले
आणि बुटाची नाडी सोडली.