सहा सेकंद

नाचणे रस्त्यावर, सोलकरांच्या टायरच्या दुकानापासून
वाकड्या गुलमोहरापर्यंत
आम्ही चुन्याच्या दोन रेघा मारल्या.
मधे पन्नास मीटर.
टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं वैदेही आयरेकडे,
तिने ते दोनदा सोडून दिलं, दोन्ही वेळा डंपर होता.

हिशेब सोपा आहे.
पाटीवर तीस लिहिलंय.
तीसने येणाऱ्याला रेघेपासून रेघेपर्यंत
सहा सेकंद लागतात.
चार म्हणजे पंचेचाळीस. तीन म्हणजे साठ.
तीनच्या खाली सरांनी रकानाच आखला नव्हता,
तो मी दहा वाजता पेनने आखला.

पहिला तास फुकट गेला.
छत्री, वही, गळ्यातलं ओळखपत्र बघून
सगळे साळसूद झाले.
एकाने आरशावरचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं,
गुलमोहर ओलांडल्यावर परत आरशावर.
मग आम्ही टायरांच्या थप्पीमागे जाऊन बसलो
आणि रत्नागिरी आपल्या मूळ वेगाला आली.

मासळीचा टेम्पो, मिरकरवाड्याचा,
बर्फाचं पाणी सांडत: साडेतीन.
त्याचंही बरोबर, बर्फ कुणासाठी थांबतो?
क्लासची रिक्षा, अकरा दप्तरं बाहेर लोंबलेली: चार पॉइंट एक.
एसटी: साडेपाच, पण तिला चढ होता.
बुलेट: लिहायच्या आत गेली.
लाल पल्सर: तीन.
नावाचा रकाना नव्हता ते बरंच झालं,
माझाच भाऊ होता.

मग पावसहून हापूसचा पिकअप आला.
पेट्यांवर गवत, गवतावर ताडपत्री,
खड्डा दिसला की आधी थांबून
एकेक चाक हळूच उतरवणारा,
झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन जिना उतरावा तसा.
सात पॉइंट दोन.
"हा बघ, नियमाचा माणूस," वैदेही म्हणाली.
तो समोर चहाला थांबला तेव्हा मी विचारायला गेले.
"कसली पाटी?" म्हणाला.
"आदळला तर डाग पडतो गो. पेटीमागे पैसे कापतात वाशीला."
दुपारी रिकामा परत गेला. पावणेतीन.

संध्याकाळी बेरीज केली.
चारशे बारा गाड्या.
सहा सेकंद किंवा जास्त: अठ्ठावन्न.
वैदेहीला आनंद झाला, मग आम्ही शेरे वाचले.
रोडरोलरमागे अडकलेल्या चौदा.
आंबे अकरा.
ड्रायव्हिंग स्कूलच्या पाच, त्यातली एक बंद पडलेली.
वैकुंठरथ एक,
आणि त्याच्यामागे ओळीने, हॉर्न न वाजवता, सव्वीस.

उरला एक.
अकरा चाळीसला गेलेली हिरवी एम-एटी,
हँडलला दुधाची किटली,
मागे सात-आठ गाड्या बोंबलतायत
आणि म्हातारा हाताने "जा, जा" करतोय,
मान न वळवता.
बरोब्बर सहा. पुढे शून्य.
मी घड्याळ वैदेहीला दाखवलं होतं.

"तो? भिकाजी कीर," सोलकर पाना पुसत म्हणाले.
"हवा भरायला येतो माझ्याकडे.
काटा तुटलाय त्याच्या गाडीचा.
मी बघतोय तेव्हापासून शून्यावर आहे."
आम्हाला हसू आलं. नंतर आलं नाही.
शेऱ्यात काय लिहावं ते कळेना,
तो रकाना तसाच राहिला.

रेघा पुसायला बादली आणली होती, लागली नाही.
चाकांनी नेला सगळा चुना.

निघताना मी स्कूटी पार मागे नेली
आणि टायरच्या दुकानाशी मोजायला लागले, मनातल्या मनात,
एक,
दोन,
तीन, मागून हॉर्न,
चार,
आणि गुलमोहर गेला.