रक्तगटाचा रकाना

एकशे साठ, खाली शंभर.
पट्टा सोडताना डॉक्टर बागूल म्हणाली,
"काका, लोणचं बंद," आणि त्याच सुरात,
"अवयवदानाचा फॉर्म भरलाय का कधी?"

रविवार कारंजावरचा दवाखाना. बाकावर अकरा जण,
कुणाचं तरी बाळ खोकत होतं.
"इतकं वाढलंय का माझं?"
ती हसली. "सगळ्यांनाच विचारते हो,
मुरगळलेला पाय घेऊन आलेल्या पोरांनासुद्धा.
धडधाकट असतानाच विचारायचं असतं हे."

मी कोण, तिला ठाऊक नसावं.
पाच पिढ्या रामकुंडावर आमची गादी.
लाल फडक्यात चोवीस वह्या :
कोण कुठल्या गावाहून कुणाच्या अस्थी घेऊन आलं,
बाप, आजा, पणजा, गोत्र, तिथी,
आधी मोडी, मग बाळबोध, मग माझं बॉलपेन.

लोक विचारायचे, गुरुजी,
डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा येतो का माणूस?
मी म्हणायचो, शास्त्रात बघावं लागेल.
बघितलं कधीच नव्हतं.

फॉर्म एका पानाचा.
नाव. वय. पत्ता.
गोत्र शोधलं, तिथं रक्तगट.
आणि घेणारा कुठला, कुणाचा कोण,
त्याला रकानाच नाही.
अशी वही पहिल्यांदा पाहिली
जिच्यात नाव आधी घालतात,
तेही ज्याचं त्यानंच.

"एकाहत्तरावं चालू आहे. जुना माल."
"डोळ्यांना वय फारसं आडवं येत नाही.
बाकीचं तेव्हाचे डॉक्टर ठरवतील.
पण घरी सांगा. शेवटी हो म्हणायचं असतं घरच्यांनी."

कुमुद गवार मोडत होती. सांगितलं.
"मोतीबिंदू काढलाय की तुमचा."
"चालतं. विचारून आलोय."
बराच वेळ नुसती गवार.
मग म्हणाली, "दोन आणायचे होते."

रात्री आमच्याच कुळाचं पान उघडलं.
वडिलांच्या खाली मोकळी ओळ, मुलानं लिहायची.
समासात पेन्सिलीनं टिपलं :
आधी नेत्रपेढीला फोन. उशीर नको. मग कुंडावर.
वाचलं,
आणि वरून शाई फिरवली.

सकाळी निफाडचं एक कुटुंब आलं.
विधी आटोपला, मी वही पुढे ओढली.
नाव? गाव? गोत्र?
आणि तोंडून निसटलं, रक्तगट?

थोरला मुलगा ओल्या पंचानं हात पुसत थांबला.
"ओ पॉझिटिव्ह," म्हणाला. "का हो?"