साडेदहा ते पाच

प्राग मी एकतीस वर्षं पाहिलं,
दिवाळीचे दिवस आणि कावीळ झाली तो महिना सोडून,
कमाटीबागेत, देवमाशाच्या सांगाड्यावरून पुढे,
पिक्चर गॅलरीत डावीकडे.
दोन हात रुंद, दीड हात उंच प्राग :
पूल, नदी, धुकं,
आणि तिसऱ्या कमानीखाली टोपली घेऊन एक बाई,
जिचा चेहरा वार्निशात पिवळा पडत गेला
माझ्या युनिफॉर्मच्या कॉलरसारखा.

पाटीवर नुसतं होतं, ‘नदीवरील पूल’.
प्राग हे गद्रे साहेबांनी सांगितलं,
तेही जाता जाता, छत्री झटकत.

माझं काम एवढंच : हात लावू नका.
मराठीत, गुजरातीत, हिंदीत,
गोऱ्यांना नुसता तळवा दाखवून.
चित्र पाहायचा पगार नव्हता,
पाहणाऱ्यांना पाहायचा होता.
पण दुपारी पंख्याच्या घरघरीत
गॅलरीत कुत्रं नसताना
माणसाने बघावं कुठे?

डभोईच्या, पादऱ्याच्या शाळा यायच्या.
दर सहलीत एक पोर हमखास विचारायचं,
काका, आ नदीमां मगर छे?
विश्वामित्री बघून आलेली पोरं,
नदी म्हटली की मगर त्यांनी धरलेलीच.
मी म्हणायचो, छे ने,
पण फ्रेममध्ये मावली नाही.

रिटायर झालो. ग्रॅच्युइटीतून गच्ची दुरुस्त केली.
उरल्यात मंदाकिनी म्हणाली, काशी.
मी म्हणालो, प्राग.
रावपुऱ्यातला ट्रॅव्हल्सवाला केतनभाई चष्म्यावरून बघत राहिला :
इंगळेकाका, स्वित्झर्लंड लो ने, बरफ छे.
शेवटी बरफही आला, पाच देश आले,
आणि प्रागच्या वाट्याला एक दुपार.

त्यातला पाऊण तास घड्याळाखाली गेला.
ठोका पडला, खिडकीतून बाहुले फिरले,
मंदाकिनीने त्यांना हात जोडले,
कोणीतरी लिला चिवड्याचं पाकीट फोडलं.

पूल सापडला.
धुकं नव्हतं. ऊन होतं,
दात काढलेल्या सापासारखं.
तिसरी कमान मी या काठावरून मोजली,
मग त्या काठावरून.
चित्रात मोजायला एकच बाजू होती.
दोन्ही ठिकाणी बाई नव्हती.
एका ठिकाणी होड्यांची तिकिटं विकणारा पोरगा,
कानात वायरी घालून.

कठड्यावरून वाकलो. पाण्यात हंस.
तरी एक ओंडका वाहत आला तेव्हा
तो नक्की ओंडकाच आहे ना,
हे बघेपर्यंत मी जागचा हललो नाही.

मग पुतळ्यापाशी रांग दिसली.
खाली पितळेची पाटी, पाटीवर कुत्रा,
माणसांनी हात लावून लावून
सोन्यासारखा पिवळाधमक केलेला.
लावला की नशीब उजळतं म्हणे.
साधुपुरुषांच्या देखत, भरदिवसा,
जपानी, जर्मन, आमच्या वाघोडिया रोडचे शाह,
सगळे लावत होते. मंदाकिनीनेही लावला.
मी पुढे झालो आणि माझा तळवा
आपोआप आडवा उभा राहिला
लोकांच्या आणि कुत्र्याच्या मध्ये.
क्षणभर रांग थांबली.
मग एका गोऱ्या पोराने हसून
त्यावर टाळी दिली.
मागच्यानेही दिली. त्याच्या मागच्या म्हातारीनेही.
टाळ्या घेत मी उभा,
आणि केतनभाईचा माणूस झेंडी हलवत ओरडतोय,
बस, काका, बस!

आता तिकीट काढून म्युझियममध्ये जातो.
माझ्या स्टुलावर नवा मुलगा असतो, मोबाईलमध्ये.
चित्रातल्या कमानी मी मोजत नाही.
जमल्या नाहीत तर काय घ्या.

परवा सावलीची शाळा आली होती.
चुरगळल्या रिबिनीची एक पोरगी नाक पुसत म्हणाली,
काका, आमां मगर छे?
म्हटलं, नाही बेटा. मी स्वतः बघून आलो.
ती एवढीशी झाली.
दारापर्यंत गेली तशी मी हाक मारली :
पण मी होतो तिथे
एकच दुपार.