सात वेढे

फैजपूरला यावल रोडवर, केळीच्या वखारीला लागून
माझं रिवाइंडिंगचं दुकान.
पाटीवरचा 'मो' उडालाय, 'टर रिवाइंडिंग' एवढंच उरलंय,
तरी गिऱ्हाईक चुकत नाही.
मोटर जळाल्यावर पाटी कोण वाचतो.

वारक्यांचा कल्पेश आला भर दुपारी,
शारजाहून सुट्टीवर.
आधी रस्त्याकडे बघितलं, मग खिशातून काढलं
अंगठ्याएवढं स्टीलचं काहीतरी.
"कॉइल गेली, डिगूभो. इकडे बंदी, मिळत नाही कुठे.
तुम्हीच गुंडाळून द्या."

मी चष्म्यावर चष्मा चढवला.
पाच हॉर्सपॉवरच्या पोटात
शेकड्यांनी वेढे घालणारे हे हात,
त्याला हवे होते सात.
तार त्यानेच आणलेली, कडक, फिकट,
इस्त्रीतल्या तारेची चुलतबहीण.
अडीच एमएमच्या ड्रिलवर पहिला वेढा घेतला
तर उसळून सुटली, बोटात घुसली.
तांबं ऐकतं. ही ऐकेना.

सातवा बसला. मीटर लावला: पॉइंट आठ.
बटण दाबलं,
कडेचा एकच वेढा लाल,
बाकीचे काळेठिक्कर, रुसलेले.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने अलगद खाजवलं,
चिमट्यात धरून दाबलं, पुन्हा बटण.
तेव्हा कुठे मधोमध लाली उगवली
आणि दोन्ही अंगांना सारखी सरकत गेली.

एकतीस वर्षं
तार तापू नये म्हणून गुंडाळतोय मी,
कागद घालतो, वॉर्निश पाजतो, दोन-दोन दिवस वाळवतो.
आणि हा पोरगा म्हणतो, तापू द्या की,
तिचं कामच ते.

आता कापूस.
जपानी कापसाची डबी संपली म्हणाला.
या मुलखात बसून कापूस जपानी!
देवळासमोरच्या शेवंताबाईला बोलावलं,
जन्म गेला तिचा फुलवाती वळण्यात.
"दूध नका लावू बोटांना, मावशी," कल्पेश म्हणाला,
"घट्ट वळली तर रस चढत नाही,
सैल वळली तर गळते."
ती मांडीवर वळू लागली.
"कितीक वेळ जळंल?"
"जळायचीच नाही. जळली की घसा कडू होतो.
नुसती ओली राहायची."
तिचा तळवा थांबला.
"उजेड?"
"नाही."
"मंग तिले वात कायले म्हनू ऱ्हायला, भो?"

वात ओवली, टोकं कातरली,
बाटलीतून थेंब थेंब रस पाजला.
पोराने ओढ घेतली,
पांढरा ढग दुकानभर, मग दाराबाहेर वखारीत.
वखारीतला हमाल पाठीवर घड घेऊन थबकला,
नाक वर करून म्हणाला,
"केळाचा वास येऊ ऱ्हायला, पन केळं नाही हे."

"बिडी सुटली का तुझी?" मी विचारलं.
"बिडी सुटली," तो म्हणाला,
पुढचं त्या ढगातच राहिलं.

मजुरी काय घ्यावी सुचेना.
मी तार किलोवर मोजतो,
ही तर चिमटीतून खाली पडली असती तर
झाडूत गेली असती. चहा पाज म्हटलं.

दिवेलागणीला झोप्यांची मोटर आली ट्रॉलीतून.
झाकण उघडायच्या आतच कळलं.
तो वास मी डोळे मिटून ओळखतो.

शेवंताबाईने मात्र पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, जळालीच नाही
तर विकली कशी म्हनू.